बाबा, अर्ध्या पानावरून उठू नका

प्रिय बाबा,

दुपारचे बारा वाजले आहेत आणि मी रिकामी बसले आहे. या वेळेला मी कधीच रिकामी नसते. इथे जपानमध्ये मी ज्या वृद्धाश्रमात काम करते, तिथे बाराच्या ठोक्याला ताटं येतात आणि मग दीड वाजेपर्यंत मी एकामागून एक सहा म्हाताऱ्या माणसांना भरवते. माझं कामच ते. पण आजपासून आठवडाभर मला जेवणाच्या खोलीत जायची मनाई आहे. चादरी बदलायच्या, कपड्यांच्या घड्या घालायच्या, फरशी पुसायची. चादरी झाल्या, घड्याही झाल्या, आणि आता वरच्या खोलीत बसून तुम्हाला लिहिते आहे.

मनाई का, ते सांगते. पण त्याच्या आधी दुसरं सांगायला पाहिजे. बाबा, आई तुमच्या नावानं पान वाढत नाही. महिनाभरात भादव्यातला पितरपाट येईल आणि ती म्हणते, माझ्या हातानं होणार नाही. त्याला कारण मी आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल तर माझ्याच तोंडून ऐका.

मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. फोनवर "जेवले काय?" असं पाठवायची आणि तुम्ही नुसता अंगठा पाठवायचे. पत्र म्हटलं की हात आपोआप शाळेतल्या मराठीवर जातो. तुम्ही वाचलं असतं तर म्हणाले असते, "पोट्टी पाहा कशी मास्तरीनवानी बोलून राह्यली." म्हणा. काही तरी म्हणा.

इथला पितरपाट काल संपला. हे लोक त्याला ओबोन म्हणतात. ऑगस्टच्या मध्यावर मेलेली माणसं घरी येतात, चार दिवस राहतात आणि परत जातात. आली की त्यांना वाट दिसावी म्हणून दारात छोटी आग पेटवतात. फोटोसमोर जेवण ठेवतात. ज्याच्या घरचं माणूस याच वर्षात गेलं, त्याच्यासाठी हा पहिला ओबोन, त्याचं महत्त्व जास्त. मला हे सगळं ऐकून माहीत होतं. मागच्या वर्षी या दिवसांत मी ट्रेनिंगच्या वर्गात होते, म्हणून पाहायची वेळ पहिल्यांदाच आली, आणि पहिल्याच दिवशी मी घोळ घातला.

माझ्याकडे तोमीको आजी आहे. नव्वदीला टेकलेली, डोक्यानं माझ्याहून शाबूत, फक्त गिळायला त्रास. तिचा नवरा याच वर्षी चैत्राच्या सुमारास गेला. तिच्या मुलानं येऊन खोलीत एका टेबलावर म्हाताऱ्याचा फोटो मांडला, कंदील लावला, शेजारी फळं ठेवली. मी सकाळी खोली आवरायला गेले तर टेबलावर एक वांगं, आणि त्याच्यात चार काड्या खुपसलेल्या. बाजूला एक काकडी, तिचेही तेच हाल. मला वाटलं, शेजारच्या खोलीतला विसराळू आजोबा कारभार करून गेला. वांगं चांगलं होतं हो, काळंभोर, भरताच्या लायकीचं. मी काड्या उपसल्या, दोन्ही धुतली आणि खाली स्वयंपाकघरात भाजीच्या टोपलीत नेऊन ठेवली. अन्न वाया जाऊ द्यायचं नाही ही आईची शिकवण, ती जपानपर्यंत सोबत आलेली.

थोड्या वेळानं घंटी वाजली. तोमीको आजी टेबल चाचपत होती. म्हणाली, "माझी गाय कुठे गेली?"

मी म्हटलं, "आजी, इथे गाय कुठली?"

मग माझ्यासोबतच्या मुलीनं कपाळावर हात मारून घेतला आणि मला समजावलं. काकडी म्हणजे घोडा. त्याच्यावर बसून म्हातारा लवकर यावा म्हणून. वांगं म्हणजे गाय. परत जाताना तिच्यावर बसून हळूहळू जावा म्हणून. म्हणजे मी एका बिचाऱ्या माणसाचं येण्याचं आणि जाण्याचं, दोन्ही वाहनं टोपलीत टाकून आले होते!

धावत खाली गेले. काकडी चिरून झाली होती. वांगं सापडलं. दुसरी काकडी मागून घेतली, जेवायच्या काड्या मोडून पाय केले आणि जनावरं पुन्हा उभी केली. गाईचा एक पाय आखूड झाला. आजीनं तिला हातात घेऊन सगळीकडून पाहिली. मला वाटलं आता रागावते. ती म्हणाली, "बरं झालं, लंगडी आहे. अजून हळू जाईल तो."

तुम्हाला हे सांगितलं असतं तर तुम्ही पोट धरून हसले असते. एसटीची अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस, तुम्हाला वांग्याची गाडी म्हटलं तर काय! मला मात्र हसू आलं नाही. मी विचार करत होते की हे लोक गेलेल्या माणसाला थांबवून घ्यायची एवढी खटपट करतात, आणि आपल्या घरी तुम्ही पितर होऊन आले तेव्हा तुम्हाला कुणी पोटभर वाढलंही नाही.

तुमचं जेवण म्हणजे सगळ्या घराचा विषय. ताटावर बसले की पाच मिनिटांत उठायचे. राळेगावच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबणार, त्यात डबा, चहा आणि कंट्रोलरच्या खोलीतली सही, ही सवय. सुट्टीच्या दिवशीही भाकर चावायची म्हणून नाही, गिळायची. आई बाजूला बसून म्हणायची, "हळू जेवा नं, गाडी सुटून राह्यली काय?" आणि तुम्ही म्हणायचे, "सुटलीच समज." तुमचा कंडक्टर गुलाबकाका मात्र निवांत जेवायचा. तो म्हणायचा, घंटी माझ्या हातात आहे, मी वाजवल्याशिवाय हा कुठे जातो?

मागच्या दसऱ्यानंतर तुम्हाला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि अर्धी जीभ. मला इकडे येऊन तेव्हा चारच महिने झाले होते. पहिल्या वर्षात सुट्टी नाही असं कागदावर लिहिलेलं, आणि मी त्याच्यावर सही केलेली. आश्रमाच्या मोठ्या बाईंकडे मी दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यांनी माझ्यासाठी चहा केला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हटलं.

काय नशीब पाहा. गिळता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना कसं भरवायचं, हेच शिकायला मी सात समुद्रांपार आले. परीक्षा दिली, सर्टिफिकेट घेतलं. आणि माझ्या बापाला तेच झालं तेव्हा मी परक्या बापांच्या गळ्याला बोट लावून बसले होते.

मग मी फोनवरून शिकवायला लागले. उशा लावून ताठ बसवा. हनुवटी छातीकडे. चमचा लहान घ्या. नुसतं पाणी द्यायचं नाही, सगळं आंबिलीएवढं घट्ट पाहिजे. घास गिळला की नाही ते गळ्यावर बोट ठेवून पाहा, मगच दुसरा. पातळ आणि जाड एकत्र कधीच नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं करू नका. काकांच्या प्रफुलदादानं ते सगळं वहीच्या कागदावर लिहून तुमच्या पलंगामागच्या भिंतीवर चिकटवलं. आई रोज ते वाचायची. मी रोज फोनवर तपासायची. कधी कधी तर मी तिला चमचा कॅमेऱ्यासमोर धरायला लावायची, केवढा आहे ते पाहायला. माझं तोंड तुम्हाला माहीत आहे.

आणि आईनं ते तीन महिने अक्षरशः पाळलं, बाबा. आपल्याकडे आजारी माणसाला पाहायला येणारा कुणी रिकाम्या हातानं येत नाही, आणि आणलेलं स्वतःच्या हातानं भरवल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. त्यानं दोन घास खाल्ले की पाहुणा खुश. आई दारातच उभी राहायची. आत्या गुळाची बोंडं तळून घेऊन आली, आईनं डबा हातातून काढून घेतला. "भावाले खाऊ घालायची चोरी झाली काय?" असं म्हणून आत्या जी गेली ती दिवाळीलाही आली नाही. सगळ्यांशी वाईटपणा आईनं घेतला. माझ्या सांगण्यावरून घेतला. हे मी विसरले. मला तेव्हा हे आठवायला पाहिजे होतं.

संक्रांतीनंतर तिसऱ्या दिवशी प्रफुलदादाचा फोन आला. तुम्हाला ताप भरला होता, छाती वाजत होती, यवतमाळला दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, अन्न फुफ्फुसात गेलं. मी म्हटलं, आईकडे दे.

आईनं काही लपवलं नाही. लपवता तिला कधी आलंच नाही. म्हणाली, "संक्रांत होती न बाई. पुरनाची पोळी केलती. दुधात कुस्करून दोन घास देल्ले. खाल्ले त्याईनं. हासले."

दुधात कुस्करून! पातळ आणि जाड एकत्र. भिंतीवर लिहिलेलं होतं.

मी काय बोलले ते तुम्हाला ऐकू गेलं होतं का? तुम्ही आतल्या खोलीत होते, नाकाला नळी होती. मी म्हटलं, "तूच मारशील त्याले. मी इतकं मरमर सांगून राह्यली आणि तू पुरनपोळी भरवते? तूच मारलं समज." शाळेची मराठी नव्हती ती, आपली होती.  आणि फोन स्पीकरवर होता. मला कुठे माहीत? आजूबाजूला काकू होती, आत्या होती, शेजारच्या दोन बाया होत्या. सगळ्यांनी ऐकलं. आईनं एवढंच म्हटलं, "बरं." आणि फोन प्रफुलदादाला दिला.

पाचव्या दिवशी तुम्ही गेले. मी ते फोनवर पाहिलं, दादानं हात वर करून फोन धरला होता तेवढं. धूर दिसला, लोकांची डोकी दिसली, आई दिसली नाही.

त्यानंतर आपल्या बाभुळगावात ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. पोरगी नर्स आहे, तिनंच सांगितलं, बायकोच्या हातच्या घासानं गेला. मी नर्स नाही, बाबा, पण गावाला कोण समजावणार? मी आईला दहा वेळा फोन केले, माफी मागितली. ती म्हणायची, "सोड नं. तू जेवली काय?" रागावली असती तर बरं झालं असतं.

मग वैशाखात आखाजी आली. तुमचं पहिलं पान. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावानं कुणाला तरी पितर म्हणून पाटावर बसवायचं, त्याला आधी जेवू घालायचं, त्याचं पोट भरलं की तुमचं भरलं. दादानं गुलाबकाकांना सांगितलं. दुसरं कोण बसणार तुमच्या जागी? काका आंघोळ करून, पांढरा सदरा घालून आले. प्रफुलदादाच्या बायकोनं पुरणावरणाचा सगळा स्वयंपाक केला होता. आईनं फक्त वाढायचं होतं. ती पोळीची परात घेऊन पाटापर्यंत आली. काकांनी हात पुढे केला, आणि आई परात खाली ठेवून मागच्या अंगणात निघून गेली. आलीच नाही. शेवटी दादाच्या बायकोनं वाढलं. काकांनी चार घास खाल्ले आणि म्हणाले, "वयनी वाढत नाही तं माह्या गळ्याखाली उतरून नाही राह्यलं." आणि हात धुऊन उठले.

पितर अर्ध्या पानावरून उठला. याचा अर्थ काय ते गावात लहान पोरालाही माहीत आहे. मला दादानं हे सांगितलं तेव्हा मी इथे बसच्या थांब्यावर उभी होते. बस आली, गेली. मी तिथेच उभी होते. बाबा, तुम्ही उपाशी आहात का? मला असलं काही खरं वाटत नाही, माझं शिक्षण झालं आहे, तरी विचारते. तुम्ही उपाशी आहात का?

आता मनाईचं सांगते.

ओबोनच्या तिसऱ्या दिवशी दुपारी खाली अंगणात ढोल वाजत होता. सगळी म्हातारी माणसं खुर्च्या मांडून नाच पाहायला बसली होती. तोमीको आजीला जायचं नव्हतं, म्हणून मी तिच्याजवळ वर थांबले. मुलानं म्हाताऱ्याच्या फोटोसमोर ओहागी ठेवले होते. म्हणजे चिकट भाताचा गोळा आणि त्यावर लाल दाण्यांचं गोड पुरण. मी इथे आल्यावर पहिल्यांदा ते खाल्लं तेव्हा तिथल्या तिथे रडले होते. पुरणच हो बाबा, फक्त जायफळ नाही.

आजीच्या पलंगाला पिवळं कार्ड लावलेलं आहे. तिला सगळं वाटून, घट्ट करून द्यायचं. तिची ती पांढरी पेज घेऊन मी बसले. तिनं तोंड फिरवलं. म्हणाली, "दरवर्षी याच्या आईबापाच्या फोटोसमोर आम्ही ओहागी ठेवायचो. हा अर्धा खायचा आणि अर्धा मला द्यायचा. साठ वर्षं. आता तो चार दिवसांसाठी आला आहे. त्याच्यासमोर मी ही पेज खाऊ?"

मी म्हटलं, आजी, डॉक्टरांनी नाही सांगितलं आहे. इथल्या भाषेत मला एवढंच नीट बोलता येतं.

तिनं फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मागितलं नाही, हट्ट केला नाही. नुसतं तोंड उघडून बसली.

मी चमचा घेतला. मला कुणी घ्यायला लावला नाही, मी घेतला. ओहागीवरचं पुरण खरवडलं. स्वतःला सांगत होते की नुसतं वरचं मऊ पुरण आहे, एवढ्यानं काही होत नाही. चमच्याला भाताची दोन शितं चिकटलेली होती. ती मला दिसत होती, बाबा. दिसत असून मी भरवलं.

तिनं डोळे मिटले. कितीतरी वेळ तोंडात घोळवलं. मग गिळलं. मी तिच्या गळ्यावर बोट ठेवलं, तिला आ करायला लावलं, पाठीला कान लावला. अर्धा तास तिला ताठ बसवून ठेवलं आणि तो अर्धा तास मी देवाचं नाव घेत होते, कुठल्या देवाचं ते मला माहीत नाही. खाली ढोल चालूच होता. आजी म्हणाली, "छान होतं." आणि झोपली.

तिला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ताप नाही, खोकला नाही. तिला काही झालं नाही आणि तुम्हाला झालं. मी तेच केलं जे आईनं केलं. वरून मी तर सर्टिफिकेटवाली. आईनं नुसता भिंतीवरचा कागद वाचला होता.

काल सकाळी मी मोठ्या बाईंना जाऊन सांगितलं. त्या म्हणाल्या, "कुणी पाहिलं नव्हतं. मग मला का सांगितलंस?"    त्यांनी माझ्याकडून सगळं कागदावर लिहून घेतलं आणि आठवडाभर भरवायचं काम काढून घेतलं. आजीच्या मुलालाही कळवलं. तो संध्याकाळी आला तेव्हा मला वाटलं आता हा मला बोलतो. त्यानं अंगणात पत्र्याच्या ताटलीत बापाला निरोप द्यायची आग पेटवली, आईची खुर्ची जवळ आणली आणि मला पाहून खाली वाकून नमस्कार केला. बोलला असता तर ते मला सोपं गेलं असतं.

ती आग विझल्यावर मी आईला फोन लावला. तिकडे दुपार होती. ती तुरीची डाळ निवडत होती, सुपाचा आवाज येत होता.

मी म्हटलं, "आई, मी एका म्हातारीले भरवलं. नव्हतं भरवाचं, तरी भरवलं. पुरनासारखंच होतं."

सूप थांबलं. आई म्हणाली, "ठसका लागला काय तिले?"

"नाही."

"नक्की नं?"

"नक्की. मी अर्धा तास बसूनच होती तिच्यापाशी."

"मंग चांगलं झालं," ती म्हणाली. आणि लगेच, "तुले काढून टाकतीन काय आता?"

"नाही वं. आई, मी तुले तवा जे बोलली ते..."

"तू काही खोटं नाही बोलली. घास माह्याच हातचा होता."

"तसं नाही वं आई. मले आता समजलं म्हनून म्हनतो. मले तसं नव्हतं बोलायले पायजे."

मग ती जे बोलली ते तुम्हाला जसंच्या तसं सांगते. म्हणाली, "मी तं ताटलीतली आंबीलच देऊन राह्यलती, वैशू. पोळी माह्यासाठी घेतलती. त्याईनं पाह्यलं न् तोंड उघडलं. तीन महिन्यात पह्यल्यांदा स्वताहून उघडलं. मंग उघड्या तोंडापुढून हात कसा मांगं घेऊ मी?"

सात महिने झाले. सात महिन्यांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तेव्हा काय झालं.

तुम्ही तोंड कायले उघडलं बाबा? तुम्हाला तरी समजत होतं ना? आयुष्यभर ती हळू हळू म्हणत राहिली तेव्हा ऐकलं नाही, आणि त्या दिवशी तरी थांबायचं होतं. रागावते आहे मी तुमच्यावर. आईवर रागावून झालं, माझ्यावर रागावून झालं, आता तुम्हीच उरले.

मी तिला विचारलं, "पितरपाटात पान वाढशील नं?"

"प्रफुल करते म्हनला."

"तुह्या हातचं, आई."

"मले भेव लागते बाई. हात पुढे केला का मले त्याईचं तोंडच दिसते." आणि मग म्हणाली, "पाहू." आणि सूप पुन्हा सुरू झालं.

पाहू म्हणजे हो की नाही, ते मला कळलं नाही. फोन ठेवल्यावर मी किती वेळ त्या एका शब्दाचा अर्थ लावत बसले. मी तिथे असते तर तिच्या मागे उभी राहून तिचं मनगट धरलं असतं. पुरण वाटून दिलं असतं. आत्याला हात जोडून घेऊन आले असते. गावातल्या एकेकीच्या दारात जाऊन सांगितलं असतं की मी खोटं बोलले होते, माझी आई तीन महिने दारात उभी होती. इथून मी काय करू? माझी सुट्टी मार्गशीर्षात आहे. तोवर तुमची तिथी येऊन जाईल. फोनमधून हात बाहेर काढता येत नाही. ज्या फोनमधून मी तिचा हात मोडला, त्याच फोनमधून तो जोडता येत नाही.

म्हणून तुम्हालाच विनवते. दुसरं कुणी माझ्या हातात नाही.

तुमच्या तिथीला गुलाबकाका पाटावर बसतील, दादा त्यांना पुन्हा बोलावणार आहे. त्यांच्यासोबत तुम्ही या. आई कदाचित आतच उभी राहील. कदाचित परात घेऊन येईल आणि पुन्हा थांबेल. तिला वेळ लागेल, बाबा. बसून राहा. तुम्हाला आता कुठली गाडी सोडायची नाही, राळेगावला कुणी वाट पाहत नाही. तिच्या हातून पोळी पानाबाहेर पडली, तरी पाहू नका. बाहेर पडलेली उचलून खा. आणि पोट भरलं असं तोंडानं म्हणा, तिला ऐकू जाईल असं म्हणा. गुलाबकाकांच्या तोंडून म्हणा, कुणाच्याही तोंडून म्हणा.

आणि मी तुम्हाला वचन देते. त्या दिवशी दादा फोन लावून समोर ठेवणार आहे. मी इथून पाहीन. घास केवढा, पातळ की जाड, पाणी कधी, काही सांगणार नाही. आई जे वाढेल, जेवढं वाढेल, जसं वाढेल. आणि बाबा, तिच्यानं त्या दिवशीही नाही झालं, तुमचं पान रिकामं राहिलं, तुम्ही उपाशी परत गेले, तरी मी माझ्या आईला एक शब्द बोलणार नाही.

तुमची,
वैशू